शेवटचा जोड समुद्रात

मागच्या महिन्यात आमच्या इमारतीत बातमी उठली, की चौथ्या मजल्यावरच्या पृथ्वीकाकू काकांना सोडून ब्राझीलला चालल्या. कायमच्या. तिथे म्हणे कोणी जहाजाचा निवृत्त कप्तान आहे, पांढऱ्या दाढीचा, आणि त्याचा कॉफीचा मळा आहे. बातमी चौथ्या मजल्यावरून निघून तळमजल्यावर पोचेपर्यंत कप्तानाला दोन घोडे आणि एक पोपटही मिळाला होता.

ही बातमी साफ खोटी आहे. एवढ्या खात्रीने सांगतो, कारण तिच्यातला पोपट मी घातला होता. घोडे माझे नाहीत. कप्तानही माझा नाही, तो पहिल्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंचा. त्यांनी फक्त पांढऱ्या दाढीचा एक गृहस्थ बॅग घेऊन तीन वेळा वर जाताना पाहिला आणि बाकीचं टाके घालता घालता जुळवलं.

खरी गोष्ट एवढीच, की दाढीवाला हा सहल कंपनीचा माणूस होता. पृथ्वीकाकू नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या आणि दक्षिण अमेरिकेला फिरायला जाणार होत्या. परत येण्यासाठी. काका बरोबर नव्हते याचं कारण भांडण नव्हतं. काकांना लिफ्टमध्येसुद्धा चक्कर येते. पोस्टात बसून त्यांनी जन्मभर जगाच्या पत्रांवर शिक्के मारले, पण स्वतः शेजारच्या गावी जायचं म्हटलं तरी आदल्या दिवशीपासून त्यांच्या कपाळाला बाम असतो. विमानाचं तिकीट दाखवलं असतं तर त्यांनी त्यावर शिक्का मारून ते परत केलं असतं.

काकूंना पृथ्वीकाकू का म्हणतात तेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल अंगकाठीवरून. तसं वाटलेल्या एका भाडेकरूला त्यांनी जिन्यात गाठून जे सुनावलं ते ऐकायला मी दोन मजले खाली आलो होतो. काकूंनी तेहेतीस वर्षं पृथ्वी बनवली. शाळेत टेबलावर तिरका उभा असतो, तास संपला की पोरं ज्याला गरगरा फिरवतात, तो पृथ्वीगोल. छापखान्याच्या मागे एक लांबोडकी खोली, तिच्यात एका बाजूला खुंट्यांवर पांढरे गोळे, नुसते, बिनदेशांचे. दुसऱ्या बाजूला छापून आलेल्या कागदाच्या चवडी. मधल्या टेबलावर खळीचं घमेलं, ब्रश आणि हाडाची एक गुळगुळीत पट्टी. त्या पट्टीने काकूंच्या उजव्या अंगठ्याला जो घट्टा पडलाय तो अजून गेलेला नाही. परवा त्यांनी माझ्या गुडघ्यावरची मलमपट्टी बसवून दिली, तर ती आंघोळीलाही निघेना.

जगाचा नकाशा गोळ्यावर सरळ बसत नाही. तो संत्र्यासारखा बारा फाकांत छापावा लागतो. फाक दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये पोटाशी रुंद. खळ लावून एकेक फाक चिकटवत जायचं. पण ओला कागद वाढतो, आणि किती वाढेल ते हवेवर अवलंबून, खळीवर अवलंबून आणि काकूंच्या म्हणण्याप्रमाणे, सकाळी घरात कोण काय बोललं त्यावर अवलंबून. प्रत्येक फाक केसभर जास्तीची होते. बारा फाका लावून फेरी पुरी झाली, की तांदळाच्या दाण्याएवढं जग उरतं. ते कुठेतरी दडपावंच लागतं. शेवटची फाक पहिलीच्या कडेवर चढते आणि त्या कडेखाली जे असेल ते गेलं.

म्हणून कारखान्याच्या थोरल्या मालकांचा नियम होता: सुरुवात समुद्रात, शेवट समुद्रात. पहिली फाक पॅसिफिकात लावायची, जगाला वळसा घालून परत पॅसिफिकात यायचं. दाणाभर पाणी झाकलं गेलं तर कोण विचारतोय!

हे सगळं मला काकूंनीच सांगितलं, ज्या दिवशी मी बातमीची शहानिशा करायला वाटी घेऊन त्यांच्याकडे साखर मागायला गेलो. आमच्या घरात साखरेचा डबा गच्च भरलेला होता.

"साखर हवीय का कप्तान?" काकूंनी दारातच विचारलं.

"कसला कप्तान?"

"बस झालं. पोपट तुझाच. पहिल्या मजल्यावरच्या बाईंना एवढं सुचत नाही."

टेबलावर सहल कंपनीची चकचकीत पुस्तकं पसरलेली. बर्फाचे डोंगर, धबधबे, टोप्या घातलेल्या बायका, लांब मानेचे लोकरी प्राणी. काका एका पुस्तकातल्या पोस्टाच्या पेटीचं चित्र भिंगातून बघत होते. त्यांना त्या खंडात तेवढंच आवडलं होतं.

मी विचारलं, "मग काकू, कुठला देश?"

इथे एक गोष्ट समजून घ्या. आपण देश बघतो तो बातम्यांतून, नाहीतर कुणाच्या तरी फोटोंतून. काकू देश ओळखतात ते कागद कसा वागला त्यावरून.

"पेरू शहाणा," त्या म्हणाल्या. "तेहेतीस वर्षांत एकदा सुरकुती पडली नाही. चिली बघ कसा लांबच लांब. वरून छान सरकतो, आणि खाली टोकाशी गेलं की सगळा कागद गोळा. त्या टोकाने माझी नखं खाल्ली. बोलिव्हिया मुकाट्याने बसतो, त्याचं कौतुक कुणी करत नाही."

"आणि ब्राझील?"

"दोन फाकांवर पसरलेला. इकडून दाबला की तिकडून सुटतो. कितीही जागा द्या, पाय पसरूनच बसणार. आमच्या दादासारखा."

दादा म्हणजे काकूंचे थोरले भाऊ. सबंध इमारत त्यांना मामा म्हणते. ते महिन्यातून दोनदा येतात, दोन खुर्च्यांवर बसतात, एकीवर स्वतः आणि दुसरीवर पाय, आणि जाताना घरातली एखादी वस्तू कशी चुकीच्या जागी आहे ते सांगून जातात. उपमा इतकी बरोबर बसली, की काकांनी भिंग खाली ठेवलं.

"म्हणजे ब्राझील नकोच," मी म्हटलं.

"असं कुठे म्हटलं मी? माझं ठरलंय."

"कुठे?"

"रविवारी ये. चिरंजीव सभा भरवतोय. तेव्हाच सांगेन, म्हणजे तुला पोपट घालायला वेळ मिळणार नाही."

साखर मात्र दिली. शिगोशीग.

आता सभेचं कारण. काकूंच्या निरोपसमारंभात त्यांचा मुलगा भर कार्यक्रमात उठून म्हणाला होता, "आई, आजवर तू आमच्यासाठी जगलीस. आता तू म्हणशील तिथे जा. जगात कुठेही!" टाळ्या पडल्या. काकूंनी तिथल्या तिथे सांगितलं, "दक्षिण अमेरिका." पुन्हा टाळ्या पडल्या, जरा कमी. मुलगा विमा कंपनीत आहे. घरातल्या माणसांकडेही तो काय काय होऊ शकतं याच नजरेने बघतो. घरी पोचेपर्यंत त्याचं 'कुठेही' आक्रसायला लागलं. एकटी नको, गटाबरोबर जा. गट कसला, ओळखीच्या कंपनीचा. कंपनीची कुठलीही सहल नको, अमुकच घे, तिच्यात डॉक्टर असतो. असं करत करत अख्खा खंड एका छापील फॉर्मवर येऊन बसला: पंधरा दिवस, पाच देश, नाश्त्यासह. मुलाने तो भरूनही आणला होता. नाव, वय, रक्तगट, पथ्य, सगळं. रिकामी होती ती फक्त सहीची जागा. सोमवारी दुपारपर्यंत फॉर्म पोचला नाही तर गटातली जागा जाणार होती. पैसे काकूंचे, रजा मागायला आता मालक नाही, तब्येत ठणठणीत. अडलं होतं ते त्या सहीवर.

याच समारंभातल्या आणखी एका गोष्टीचा अर्थ तेव्हा आम्हाला कळला नव्हता. कारखान्याने काकूंना भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं होतं. काकूंनी ते नाकारलं आणि मागच्या खोलीतल्या फळीवरचा एक धुळीने माखलेला पृथ्वीगोल मागून घेतला. नवाकोरा देतो म्हटलं तर नको म्हणाल्या. तोच हवा. तेव्हापासून तो त्यांच्या कपाटावर फडक्यात गुंडाळून होता. आम्हाला वाटलं, बाईमाणूस, हळवी झाली असेल.

रविवारी चारच्या सुमाराला मी गेलो. बोलावलेलं होतं, त्यामुळे वाटी नेली नाही. खोलीत मुलगा, सून, मामा (दोन खुर्च्या), काका आणि सहल कंपनीचा तो दाढीवाला. मला स्टूल मिळालं. काकू पलंगाच्या कडेला, हात मांडीवर, अंगठा आत दुमडून.

मुलाने सुरुवात केली. "आई, मी सगळा अभ्यास केलाय. यात ते डोंगरावरचं जुनं शहर आहे. तिथे जाऊन आलं नाही तर जाऊन आलो असं कुणाला सांगताच येत नाही."

"कुणाला सांगायचंय?" काकूंनी विचारलं.

"अगं, म्हणजे... लोकांना."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. लोकांचा प्रतिनिधी म्हणून मी मान डोलावली.

सून म्हणाली, "आई, मला तर ते मिठाचं मैदान फार आवडलं. पावसाचं पाणी साचलं की खाली पण आभाळ, वर पण आभाळ. फोटो असा येतो ना, की माणूस हवेतच चालतोय."

"ह्यांना फोटोत बघूनच चक्कर येईल," काकूंनी काकांकडे बोट केलं.

"आलीच," काका म्हणाले.

मग मामा. मामांनी पाय खुर्चीवरून काढले, म्हणजे बोलणं गंभीर होतं. "हे बघ, या वयात परदेश म्हणजे डोक्याला ताप. भाषा येत नाही, कुणी ओळखीचं नाही. तुला फिरायचंच आहे ना? माझ्याकडे ये पंधरा दिवस. वहिनीला पण तेवढीच मदत."

"तुझ्याकडे आले की मला फिरायला मिळतं ते स्वयंपाकघर ते बाहेरची खोली," काकू म्हणाल्या. "नाश्ता मीच करायचा. यांच्याकडे नाश्त्यासह आहे."

दाढीवाल्याला वाटलं, आपलं घोडं पुढे निघालं. त्याने फॉर्म सारला, पेनाचं टोपण काढलं. "मॅडम, पाच देश आहेत. पंधरा दिवसांत पाच! लोक जन्मात एक बघत नाहीत. तुम्ही फक्त इथे सही करा."

काकूंनी पेन घेतलं. वाचायचा चष्मा लावला. फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला, रक्तगटासकट. मग म्हणाल्या, "यात मनाउस नाही."

"काय नाही?"

"मनाउस. ब्राझीलमधलं शहर. नदीवर."

दाढीवाला हसला. वाईट नव्हतं ते हसणं, सवयीचं होतं. "मॅडम, ते जंगलात आहे. उकाडा फार. आमच्या मार्गावर येत नाही ते. आणि तिथे बघण्यासारखं तसं काही..."

"आई, हे कुठून काढलंस मध्येच?" मुलगा म्हणाला. "कुठे वाचलंस?"

काकू उठल्या. कपाटावरचं गाठोडं काढलं, फडकं सोडलं, धूळ पुसली आणि पृथ्वीगोल मुलाच्या पुढ्यात ठेवला. "शोध."

"काय?"

"मनाउस शोध. विषुववृत्ताच्या जरा खाली. नदीच्या काठाने जा."

मुलगा वाकला. चष्मा वर केला, खाली केला. नदी सापडली, निळी, जाड. तिच्या मुखापासून बोट फिरवत तो आत आत गेला आणि एका जागी थांबला. तिथे नदी तुटत होती. म्हणजे एक उभी रेघ होती, नखाला लागेल इतकी उंच, आणि रेघेच्या पलीकडे नदी पुन्हा सुरू होत होती, पण थोडी खाली, जशी पायरी उतरली असावी. शहर कुठेच नव्हतं. सुनेने पाहिलं. मीही स्टूल ओढून पाहिलं. मामांनी लांबूनच सांगितलं, की ते नसेलच.

"नाहीये आई."

"आहे. त्या जोडाखाली आहे. मीच घातलंय."

मग त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, कागदावर पट्टी फिरवावी तसं. बावीस वर्षांपूर्वी थोरले मालक गेले आणि धाकटे गादीवर आले. प्रत्येक पृथ्वीगोलावर पॅसिफिकात, मोकळ्या पाण्यात, एका नक्षीदार चौकटीत कारखान्याचं नाव छापलेलं असायचं. शेवटचा जोड तिथूनच जायचा, त्यामुळे चौकटीची एक कड नेहमी थोडी खाल्ली जायची. थोरल्या मालकांना ते माहीत होतं. ते म्हणायचे, आपल्या नावाची कड गेली तर चालेल, कुणाचं गाव जाता कामा नये. धाकट्यांना ती कड खुपली. आपलं नाव अख्खं दिसलं पाहिजे. त्यांनी हुकूम काढला, पॅसिफिकातून सुरुवात बंद. शेवटचा जोड दुसरीकडे टाका, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथे. आणि त्यांनी बोट ठेवलं ते दक्षिण अमेरिकेच्या मधोमध.

"मी सांगितलं त्यांना," काकू म्हणाल्या. "म्हटलं, साहेब, फाक पोटाशी सगळ्यात रुंद असते, तिथे दाणाभर जागा जाईल, आणि तिथे शहर आहे. म्हणाले, तुम्ही खळ लावा, भूगोल मी बघतो."

दोनशे गोल त्या पद्धतीने बनले. तीन महिन्यांनी एका शाळेतल्या बाईंचं पत्र आलं. आमच्या मुलांना नकाशात दिसणारं मनाउस आपल्या पृथ्वीगोलावर सापडत नाही. ते बुडालं असल्यास कृपया कळवावे.

मला हसू आलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी ते खोकल्यात काढलं.

"धाकट्यांनी मला खोलीत बोलावलं. कागद तयार होता. माझ्या निष्काळजीपणामुळे चूक झाली, क्षमा असावी. खाली माझं नाव टाइप केलेलं. म्हणाले, फक्त इथे सही करा."

दाढीवाल्याने आपला हात फॉर्मवरून हळूच मागे घेतला.

"आणि तू केलीस?" मुलाने विचारलं.

"केली. ह्यांच्या पायाचं हाड मोडलं होतं, पाच महिने घरी होते. तू सातवीत. केली सही. तो कागद त्यांनी खळीच्या घमेल्याच्या वर भिंतीला टाचला. वर्षभर माझ्या डोळ्यांपुढे. मग एक दिवस टाचणी गंजली आणि तो पडला घमेल्यात."

"मग?"

"मग काय, ढवळला. चांगली दाट झाली खळ. माझा माफीनामा आता कुठल्यातरी शाळेत उत्तर ध्रुवाखाली आहे."

आता मात्र मला खोकताही येईना. काकासुद्धा हसले. ही गोष्ट त्यांनाही नवीन असावी, कारण ते बायकोकडे बघत राहिले, एखादं पत्र चुकीच्या खणात सापडावं तसे.

"जोड परत समुद्रात नेला त्यांनी, गुपचूप," काकू म्हणाल्या. "पण ते दोनशे तसेच विकले. हा एक खुंटीवरून पडून त्याला पोचा आला म्हणून राहिला. एकशे नव्व्याण्णव शाळांत पोरं त्या शहराशिवाय मोठी झाली. आणि कागदावर लिहिलंय, की ते माझ्यामुळे."

मुलाने जोडावरून नख फिरवलं. मग म्हणाला, "मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू कधी विचारलंस? तू फॉर्म भरून आणलास."

हे बोलणं लागलं त्याला. कान लाल झाले. पण विमा कंपनीतला माणूस; लागलं तरी धोका दिसायचा थांबत नाही. "आई, ठीक आहे. झालं ते वाईट झालं. पण म्हणून तिथे जायचं? तिथे आहे काय बघायला? एक शहर, उकाडा आणि डास."

"दोन नद्या आहेत," काकू म्हणाल्या. "मी वाचनालयात वाचलंय. एक काळी, एक मातकट. शहराजवळ भेटतात आणि कित्येक मैल शेजारीशेजारी वाहतात, मिसळतच नाहीत. मधली रेघ होडीतून दिसते. जोड उघडा ठेवलाय तिथे. कुणी झाकला नाही."

मामांना एवढा वेळ गप्प बसण्याची सवय नव्हती. "अगं, पण कुणाला दाखवायला चाललीस तू? तो धाकटा मालक आता साठीचा झाला असेल. त्याला काय फरक पडतो?"

"त्याला पत्र टाकणार आहे तिथून. चित्राचं कार्ड. शहर जागेवर आहे, कळावे. खाली माझी सही. ही सही कुणी टाइप केलेल्या कागदावरची नाही. आणि एक त्या शाळेच्या पत्त्यावर, बाई असोत नसोत."

"शिक्का नीट उमटवून घे," काका पहिल्यांदाच आपणहून बोलले. "खिडकीवरच्या माणसाला सांग, तारीख वाचता आली पाहिजे. घाईत मारतात ते, अर्धा पुसट येतो. आणि एक कोरं कार्ड वहीत घालून माझ्यासाठी आण."

मामा उसळले. "तुम्ही तिला अडवायचं सोडून कार्डं मागताय? नवरा म्हणून काही बोला!"

"बोललो असतो," काका म्हणाले, "पण मला कुणी फॉर्म दिला नाही."

सून फस्सकन हसली आणि नवऱ्याकडे बघून तोंडाला पदर नसल्यामुळे हात लावला. सभा मुलाच्या हातून सुटली होती. तरी त्याने शेवटचं विचारलं, "म्हणजे बाकी काहीच नाही बघायचं? डोंगर, धबधबे, मिठाचं मैदान? इतक्या लांब जाऊन एकच गाव?"

"एकच."

"लोक हसतील आई."

"हसू देत. इमारतीत मी कप्तानाबरोबर पळालेली आहे. त्यापुढे हे काय मोठंसं?"

हा टोला कुणाला होता ते सांगायला नको. मी स्टुलावर जरा लहान झालो.

मग काकूंनी ते पेन, जे इतका वेळ हातातच होतं, फॉर्मवर टेकवलं. पाच देशांच्या नावांवरून एक रेघ मारली, सरळ. तेहेतीस वर्षं कड जुळवलेला हात तो. वरच्या मोकळ्या जागेत मोठ्या अक्षरांत लिहिलं: मनाउस, दहा दिवस. नाश्ता चालेल. आणि खाली सही केली. लांबलचक, आडवी, पूर्ण नावाची. दिलेल्या चौकटीत ती मावली नाही. बाहेर आली, आणि काकूंनी ती बाहेरच येऊ दिली.

दाढीवाला हाडाचा विक्रेता. त्याने फॉर्म उचलला, रेघेकडे पाहिलं, सहीकडे पाहिलं, आणि गटातली एक जागा डोळ्यांसमोरून जाताना दिसत असूनही आवाजात मध ओतला. "मॅडम, एक मधला मार्ग सांगू? तुम्ही पाच देश घ्याच. परतीचं आपलं विमान त्या जंगलाच्या भागावरूनच जातं. मी तुम्हाला खिडकीची जागा लिहून देतो, पंखाच्या पुढची. हवा स्वच्छ असली तर तुमचं ते शहर वरून अगदी स्पष्ट दिसेल. म्हणजे मनाउसही झालं आणि पाच देशही झाले!"

मुलाचा चेहरा उजळला. मामांनी मान डोलावली. खरं सांगतो, मलासुद्धा ते पटलं होतं.

काकूंनी पृथ्वीगोलावर फडकं घातलं, गाठ मारली आणि म्हणाल्या, "वरून मी तेहेतीस वर्षं बघितलंय. आता मला तिथे उभं राहायचंय."